मुंग्यांची साक्ष

अतामपोका मॅडमच्या हाताखाली आम्ही चौघी शिकायला होतो. बाळंतिणीला बाळ अंगावर घ्यायला शिकवायचं, दूध उतरत नसेल किंवा बाळ ओढत नसेल तर मार्ग काढायचा, हे आमचं शिक्षण. जिल्ह्याच्या दवाखान्यात मॅडम एकवीस वर्षं हेच करत होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला एका खाटेपाशी उभं केलं. "बाळ स्वतःहून सोडेपर्यंत नुसतं बघायचं. एक अक्षर बोलायचं नाही." पाऊण तासाने मला विचारलं, "काय दिसलं?" मी पुस्तकातलं सगळं म्हणून दाखवलं, मान, हनुवटी, ओठ. "आणि आई?" आईकडे मी पाहिलंच नव्हतं. "ती रडत होती, बये. तू हनुवटी मोजत बसलीस."

त्यांना स्वतःला मूल नव्हतं. म्हाताऱ्या बायका तोंडावर म्हणायच्या, "जिने कधी पाजलं नाही, ती आम्हाला शिकवणार." मॅडम लगेच म्हणायच्या, "डॉक्टरला कुठे दिवस गेले होते? त्याच्याकडून बरी सुटका करून घेता." बायका हसायच्या आणि ऐकायच्या.

आमच्याकडे पहिलटकरणीचं दूध पारखून घेतात. थोडं दूध वाटीत काढायचं आणि त्यात मुंग्या सोडायच्या. मुंग्या चालत बाहेर आल्या तर दूध गोड. मेल्या तर कडू. मग बाईची छाती पाल्याच्या पाण्याने धुतात आणि मुंग्या जगेपर्यंत बाळाला नुसता काढा पाजतात. हे आठवडाभरही चालतं. माझा पाठचा भाऊ त्या काढ्यावरच गेला, त्यामुळे मला या विषयावर शांतपणे बोलता येत नाही.

पुस्तकात लिहिलं आहे, घरच्यांची समजूत घाला. मॅडमनी चार वर्षं घातली. मग तो नाद सोडला आणि दवाखान्यातच, सासूच्या डोळ्यांदेखत, स्वतः मुंग्या सोडायला लागल्या. त्यात त्यांची युक्ती होती. डब्याचं उथळ झाकण घ्यायचं, दूध चारच थेंब, आणि कडुलिंबाच्या मुळाशी असतात त्या लांब पायांच्या काळ्या मुंग्या. त्या कशातूनही चालत जातात. सासू खूश, सून मोकळी, बाळ छातीशी. आम्हालाही त्यांनी हे शिकवलं. "परीक्षेत लिहू नका, नापास व्हाल," एवढंच म्हणाल्या.

मार्चमध्ये याकबोको गावची तालाता बाळंत झाली. एकोणीस वर्षांची, पहिला मुलगा. तिसऱ्या दिवशी दूध उतरलं, बाळ चांगलं ओढत होतं. सोबत सासू होती, अदुको. ती म्हणाली, पारख झाल्याशिवाय आता एक घोटही द्यायचा नाही. मॅडम शेजारच्या खोलीत अडकल्या होत्या. त्यांनी निरोप पाठवला, "लारिबा, तूच कर. येतं तुला."

खिडकीतल्या झाकणावर धूळ बसली होती. मला स्वच्छतेची भारी हौस. अवजारं ज्या ब्लीचच्या बादलीत टाकतो, तिच्यात मी ते बुडवलं, झटकलं आणि ऐटीत घेऊन आले. पाण्याने खळबळायला हवं होतं, ते सुचलंच नाही. तालाताने चार थेंब काढले. मी सहा मुंग्या सोडल्या. सहाच्या सहा तिथेच आखडल्या.

"माई, थांबा, झाकणाला काहीतरी..." मी म्हणाले. अदुको बाळाला कापडात गुंडाळून उठली होती. मॅडम येईपर्यंत त्यांची तीनचाकी फाटकाबाहेर गेली.

मी मॅडमना खरं ते सांगितलं. त्या रिकाम्या खाटेवर बसल्या. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. त्या म्हणाल्या, "चल, गाडी काढ."

याकबोकोला पोचलो तेव्हा चुलीवर पाला उकळत होता आणि बाळाला काढ्याची एक फेरी पाजून झाली होती. मॅडम उभ्यानेच म्हणाल्या, "अदुको, झाकण मी धुतलं. त्यात औषध राहिलं, त्यानेच मुंग्या मेल्या. चूक माझी आहे, दुधाची नाही. तुझी वाटी आण, आत्ता परत करू."

त्या खोटं बोलत होत्या, आणि मी शेजारी उभी राहून ऐकत होते.

अदुको कजाग नव्हती. तिने बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. मग म्हणाली, "सिस्टर, एवढी वर्षं तुझ्या मुंग्या जगत आल्या. तेव्हा कधी म्हणालीस का, झाकणात काहीतरी आहे म्हणून? जगल्या की दूध गोड, आणि मेल्या की झाकण खोटं?" मॅडमनी पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला. अदुको पुढे म्हणाली, "माझी पहिली दोन मी पारख न करता पाजली. दोन्ही पुरली. तिसऱ्याला काढा दिला. तो जगला, हिचा नवरा."

तालाता दारात उभी होती. छातीवरचं कापड ओलं झालं होतं. "आई, एकदाच घेऊ?" तिने सासूला विचारलं. सासूने नाही म्हणून मान हलवली. तिचेही डोळे भरले होते, ते मी पाहिलं.

मॅडम रोज जात राहिल्या. पाचव्या दिवशी तेच लोक बाळाला घेऊन आले. डोळे खोल गेले होते, टाळू बसली होती. सलाइनसाठी शीर सापडेपर्यंत ते गेलं. तालाताची छाती दगडासारखी झाली होती, तापही होता. मॅडमनी मला तिच्याकडे नेलं आणि दूध आटवायचं कसं ते शिकवलं. थोडंच काढायचं, आराम पडेल एवढंच, पुन्हा भरू द्यायचं नाही. तालाता ते वाटीत पडताना बघत होती. मला तिच्याकडे बघवलं नाही.

माझ्या शिक्षणाच्या शेवटच्या कागदावर मॅडमनी "काम चांगलं" असं लिहिलं. मी विचारलं, का लिहिलंत? "एक मूल गेलं. आता शिकलेली पोरगीही घालवू?" त्या मुंग्यांचा प्रयोग त्यांनी पुन्हा केला नाही. याकबोकोतल्या बायका त्यांना बाळाला हात लावू देईनात. निवृत्त झाल्यावर त्या दोन वर्षांत वारल्या. त्या गावातून मातीला कुणी आलं नाही.

आता मी पोरींना शिकवते. महिन्यातून एकदा याकबोकोला जाते, बायका विश्वासाने बाळ माझ्या हातात देतात. मॅडमचं नाव निघालं तर "ती मुंग्या मारणारी" असं म्हणतात. मी बाळाची मान सावरते आणि दरवेळी ठरवते की आज सांगायचं. अजून सांगितलेलं नाही.