मामंजींनी काढलेली खिडकी

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामंजींना, हाताचं कुठलंच काम येत नसे. निजामाच्या राज्यात ते बदनापूरच्या सरकारी कचेरीत मुन्शी होते. उर्दू अक्षर इतकं नेटकं, की लोक अर्ज लिहून घ्यायला घरी येत. पण भिंतीत खिळा ठोकायचा तर शेजारचे करीमचाचा गवंडी लागायचे. "माझे हात कागदाचे," असं ते स्वतःच सांगत. त्या माणसानं आमची मागची खोली एकट्यानं नवी केली.

ती यांची आणि माझी खोली. श्रावणात हे तिथंच तापानं गेले. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. त्यानंतर मी चुलीपाशी बसून असे. सासूबाईंनी ताट पुढं केलं तर जेवायचं, नाही केलं तर भुकेची आठवण होत नसे. रडू आलं नाही. मामंजीही रडले नाहीत. कचेरीत जायचे, यायचे, खोलीला घातलेल्या कुलपाकडे बघायचे.

दिवाळी झाली आणि एका सकाळी त्यांनी धोतर खोचलं, करीमचाचांची पहार मागून आणली, कुलूप काढलं आणि जुना गिलावा पाडायला घेतला.

"मुन्शीजी, मी करून देतो की. चार दिवसांचं काम," करीमचाचा म्हणाले.

"न्हाई. तुम्ही नुसतं सांगा कसं करायचं."

मग रोज कचेरी सुटल्यावर करीमचाचा उंबऱ्यावर बसून सांगायचे आणि मामंजी करायचे. पांढऱ्या मातीत भुसा घालून पायानं तुडवायचे. तळहातांना फोड आले, लेखणी धरवेना. पहिला गिलावा वाळला आणि अर्धी भिंत सोडून खाली आला. मामंजींनी माती गोळा केली, भिजवली. "बराबर होईल," एवढंच बोलले. हा त्यांचा जुना शब्द. पूर्वी मोठ्यानं म्हणायचे.

खोली अंधारी होती. त्यांनी गल्लीकडची भिंत फोडायला घेतली तेव्हा सासूबाई घाबरल्या. "विधवेच्या खोलीला रस्त्याकडं खिडकी? लोक काय म्हणतील?"

"वाचायला उजेड लागतो."

"वाचणार कोण?"

त्यांनी चिखलाचा हात माझ्याकडे केला. मी ऐकलं. मला काहीच वाटलं नाही.

खिडकीची चौकट बसत होती त्याच दिवशी माझा भाऊ वडीगोद्रीहून गाडी जुंपून आला. मला कायमचं माहेरी न्यायचं ठरवूनच आला होता. मामंजी गुडघ्यापर्यंत चिखलात उभे होते.

"तिला इचारलं का?" त्यांनी विचारलं.

"तिला काय इचारायचं, मामा?"

"खोली तिच्यासाठी करून राह्यलो. तिला राहायचं न्हाई तर तसं सांगू दे."

दोघं माझ्याकडे बघू लागले. आजवर मला असं कुणी विचारलंच नव्हतं. "मी इथंच राहते," मी म्हणाले. आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटला. भाऊ जेवला आणि रिकामी गाडी घेऊन परत गेला.

त्या खोलीत मामंजींनी मला उर्दू शिकवलं. माझ्या हाताला कित्येक महिने कसलीच ओढ नव्हती. ते सांगत ते अक्षर मी काढत असे, बस. पुढं परीक्षा झाली आणि जालन्याच्या मुलींच्या शाळेत मला शिकवायची जागा मिळाली. स्टेशनवर ते म्हणाले, "सुट्टीत आलीच पाहिजे असं न्हाई. तिथलं नीट कर."

पाच-सहा वर्षांनी एका दुपारी शाळेच्या दारात एक मुलगी आली. कपाळ मोकळं, हातात चिठ्ठी. अक्षर मामंजींचं. "तू गेल्यापासून खोलीत ही बसते. हिचं वाचन झालं आहे. पुढचं तू बघ."

"कधी दिली ही चिठ्ठी?" मी विचारलं.

"लिहून ठेवल्ती. काल सकाळी गेले ते. माती झाल्यावर तुमच्या सासूबाईंनी मला दिली, म्हणाल्या, आधी हे पोचव."

मी चिठ्ठीची घडी घातली. आत मुली धडा म्हणत होत्या.

"जेवलीस का?" मी तिला विचारलं. ती नाही म्हणाली. मी माझा डबा तिच्यापुढं उघडला आणि ती जेवेपर्यंत शेजारी बसून राहिले.