तिनं फक्त मला सांगितलं होतं

आणीबाणीच्या आसपासची गोष्ट. माझी धाकटी नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी, म्हणजे आमच्याकडे अल्लीपूरला आली. मुलगा झाला. बाळंतिणीचं सगळं माझ्याकडेच, तेल लावणं, बाजेखाली शेगडी, डिंकाचे लाडू. केलंही मी मन लावून, खोटं कशाला बोलू! पण ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. लेकरू रडलं तरी वळायची नाही.

"काऊन वो बाई, राजाची राणी झाली का तू?" मी म्हणायची. शेजारणी हसायच्या.

एका दुपारी ती अंगणात उन्हात येऊन बसली. सव्वा महिना बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून मी दंडाला धरून आत नेलं. तिनं माझा पदर धरला.

"वयनी, मले याच्यासंग एकटी नका ठेवू. माया हातून याले काही होऊन जाईन. मले जगावंसं नाई वाटून राह्यलं. कोणाले सांगू नका वो."

"चूप! लेकराच्या मायनं असं बोलू नाई," म्हणून मी दार ओढून घेतलं.

सव्वा महिना झाला आणि तिची सासू न्यायला आली. सुनेला पाहून मला म्हणाली, "इतकी काऊन वाळली हो ही? खाऊ घातलं का नाई?"

बोल माझ्यावर येईल म्हणून मी सगळं सांगून टाकलं. तिच्याच शब्दांत.

विहीणबाईंनी कप खाली ठेवला. "मंग नातू नेतो आमी. लेक ठेवा तुमच्यापाशी."

दुपारच्या एसटीनं लेकरू गेलं. नणंद रडली नाही. चोळी दुधानं भिजलेली, तशीच बाजेवर बसून होती.

पुढं गावात येणाऱ्या नर्सबाईंनी तिला पाहिलं. म्हणाल्या, "बाळंतपणानंतर होते असं कोणाकोणाले. आजार हाय हा, बरा होते. एकटी ठेवू नका, डॉक्टरले दाखवा. पण लेकरू काऊन दूर केलं?" मी चूल फुंकत बसले. चूल पेटलेलीच होती.

औषधानं ती बरी झाली. वर्षानं सासरच्यांनी नेलंही. मी भेटायला गेले तर पोरगा पडला, रडला, आणि तिच्यासमोरून धावत आजीकडे गेला. तिनं पुढं केलेले हात पदराला पुसले.

"बसा वयनी, चहा ठेवतो," म्हणाली.

मी कपाशीचं बोलत बसले. तिचं बोलणं सासूपर्यंत कोणी नेलं, हे तिला ठाऊक आहे का, ते विचारायची माझी अजून छाती होत नाही.