हुकांची डबी

हे मी बाईच्या घरच्या संडासात बसून लिहून राह्यली. कोणाले घाण वाटत असन तर त्यानं पुढं वाचू नये.

पाच वाजता औषधाचं पाणी प्यायला सुरुवात केली. तेव्हापासून बाहेर निघाली की पुन्हा आत. म्हणून मोबाईल सोबतच आणला.

आज अविधवा नवमी.

माझी मोठी बहीण शोभा. आम्ही तिले बाई म्हणत होतो. सवाष्ण गेली. दोन वर्षं झाले.

आतड्याचा कॅन्सर. बावन्न वर्षांची होती.

उद्या अकरा वाजता इथंच यवतमाळले माझी कोलोनोस्कोपी आहे. मागून नळी टाकून पूर्ण आतडं पाहतात. मी चौथी शिकली, पण हा शब्द आता मले झोपेत बी म्हणता येते.

बाई घरी ब्लाउज शिवे. संडासातून रक्त जाय. मशीनवर बसून बसून मूळव्याध झाली, असं तिनं स्वतःच ठरवलं. वर्षभर कोणाले बोलली नाही. डॉक्टरकडं गेली तेव्हा बी रक्ताचं सांगतलं नाही, फक्त अशक्तपणा सांगतला. तरी त्यानं तिले एक छोटी डबी दिली. यात थोडी संडास आणा, तपासू, म्हणे.

तिनं मले फोन केला.

"मंदे, हे असं पिशवीत घालून ऑटोत कसं न्यावं वं? कोणी पाह्यलं तर?"

मी कापूस वेचायच्या घाईत होती. म्हटलं, "कायले नेतं? फेक ते. तिखट कमी खा, ताक पी."

फोन ठेवला. एक मिनिट बी झाला नसन.

तिनं फेकली नाही. बाई काहीच फेकत नव्हती, चिंधी बी नाही.

ती गेल्यावर तिच्या पोरीनं, रुपानं, मशीनचा खण उघडला. डबी तिथं होती. आत ब्लाउजचे हूक भरून ठेवले होते. वर लेबल तसंच. शोभा, वय एक्कावन्न.

खरी तपासणी झाली तेव्हा लिव्हरपर्यंत गेलं होतं.

तेव्हाच डॉक्टरनं सांगतलं होतं, सख्ख्या भावाबहिणींनी तपासून घ्या. मी दोन वर्षं टाळलं. कधी सोयाबीन, कधी तूर, कधी पाव्हणे. शेवटी मागच्या महिन्यात रुपा केळापूरले माझ्या घरी येऊन बसली. म्हणे, "मावशी, तू निघत नाही तोपर्यंत मी जात नाही." माझ्यावरच गेली पोरगी.

इथली डॉक्टर बाईमाणूस आहे. मी तिले सरळ म्हटलं, मले डबी द्या, नळी नको.

तिनं नीट सांगतलं. डबीची टेस्ट चांगली आहे. घरी होते, पण दरवर्षी करावं लागते. ज्याच्या घरात कोणाले हा आजार नाही अन् ज्याले काही त्रास नाही, त्याले चालते. डबीत काही निघालं तर शेवटी नळी आहेच. मी म्हटलं, सिटी स्कॅन? म्हणे, त्यात बी गाठ दिसते, पण काढाले नळीच लागते. नळीत दिसली तर बहुतेक वेळा तिथंच कापून काढता येते, कॅन्सर व्हायच्या आधी.

मग तिनं विचारलं, "बहिणीचं वय काय होतं?"

"बावन्न."

"तुमचं?"

"अठ्ठेचाळीस."

मी म्हटलं, "द्या तारीख."

तारीख घेताना कॅलेंडर पाह्यलं नाही, ही माझी चूक.

बाईच्या सासूनं, आत्याबाईनं, यंदा बाईच्या नावानं मलेच सवाष्ण जेवायले बोलवलं होतं. अन् आज मले जेवण बंद. तीन दिवसांपासून पालेभाजी नाही, बिया नाही, साल नाही. आज तर नुसतं पातळ. नारळपाणी, बिनदुधाचा चहा, गाळलेलं वरणाचं पाणी. लाल रंगाचं सरबत बी नाही, आत रक्तासारखं दिसते म्हणे.

सकाळी आली तर रांगोळी, पाट, सगळं तयार. पुरण, वडे, कढी, गिलक्याचे भजे. मी स्वयंपाकघराच्या दारातच सांगून टाकलं. भाऊजी म्हणे, शेजारची बोलवू. आत्याबाई ऐकेचना. तिच्या जागी तिची बहीणच बसन म्हणे.

मग माझं डोकं गेलं. म्हटलं, एक घास खाल्ला तरी टेस्ट वाया, तुम्हाले समजून नाही राह्यलं का? ब्याऐंशीची म्हातारी. बोलू नव्हतं पाह्यजे. उठली अन् आत गेली.

थोड्या वेळानं आली. मले हाताले धरून पाटावर बसवलं. कुंकू लावलं. समोर केळीचं पान अन् त्यावर एकच वाटी. वरणाचं पाणी, फडक्यातून दोनदा गाळलेलं.

मी पाहतच राह्यली.

म्हणे, "शेवटच्या महिन्यात तिले बी एवढंच जाय. मीच पाजत होती. पी."

प्याली.

पाच वाजता रुपानं पुडी घोळून दिली. दोन लिटर. खारट, वरून लिंबाचा वास. नाक दाबून पिऊन राह्यली. आता ती दाराबाहेरून विचारून राह्यली, मावशी, पाण्यासारखं झालं का? व्हायले लागलं, सांगतलं.

उद्या सकाळी अजून एक डोस आहे.

खाली कमेंटमधी हात जोडलेले चित्र टाकू नका. ज्याले रक्त दिसते त्यानं स्वतःच मूळव्याध ठरवू नये. डॉक्टरले पुरं सांगा. डबी दिली तर भरून द्या. बहिणीनं फोन केला तर घाई करू नका.

बाई, तू विचारलं होतं कसं न्यावं.

पिशवीत घालून, ऑटोत बसून न्यावं. कोणी पाहत नाही. पाह्यलं तर पाह्यलं.

मी सोबत आली असती.

राम राम, बाई.