नवा क्लच, कारंजा ते मेडशी

कारंज्याहून निघताना गाडीची किल्ली कुणाच्या हातात राहील यावरूनच आमचं वाजलं. बाबा पंचाहत्तरीचे, धान्याचे व्यापारी. इतकी वर्षं स्वतः गाडी चालवत आलेले. पण गाडीचा क्लच नुकताच जळाला होता. माझा भाऊ, दादा, म्हणत होता की बाबा क्लचवर पाय ठेवूनच गाडी चालवतात, आता त्यांचं चालवणं बंद करू आणि गाडी विकून टाकू. बाबा म्हणत होते, प्लेट जुनी झाली होती, त्यात माझा काय दोष? मी पुण्याहून माहेरी आलेली, म्हणून दोघांनी मला पंच केलं. बाबांचे शाळासोबती रामदासकाका मेडशीला भाजीपाला पिकवतात. त्यांच्याकडे जाऊन यायचं, वाटेत बाबांचं चालवणं मी पाहायचं आणि घरी येऊन निकाल द्यायचा, असं ठरलं.

नवा क्लच बसवणाऱ्या मेस्त्रींनी मला बजावलं होतं. "ताई, पयले पाचशे किलोमीटर याले सांभाळून घ्या. झटका देऊ नका, चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवू नका, कोणाची गाडी ओढू नका. अन् गिअर पडला का पाय क्लचवरून खाली." म्हणून पहिला टप्पा मी घेतला. थंडीचे दिवस होते. सोयाबीन निघून गेलेलं, रिकाम्या वावरांच्या (शेतांच्या) मधोमध पिवळ्या फुलांनी भरलेली तूर उभी. प्रत्येक गावाशी वेग कमी करायचा, गिअर बदलायचा आणि डावा पाय मुद्दाम उचलून बाजूला ठेवायचा. इतक्या वर्षांत मी माझ्याच पायाकडे असं लक्ष कधी दिलं नव्हतं.

शेलूबाजारला चहा घेतला. टपरीवाल्याने विचारलं, "नवीन गाडी घेतली का शेटजी?"

"गाडी जुनीच हाय," बाबा म्हणाले. "नवीन ड्रायवर पुण्याहून मागवली."

सगळे हसले. त्या हसण्यात बाबांनी माझ्या हातातून किल्ली काढून घेतली.

बाबा चांगलं चालवत होते, हे मला सांगितलंच पाहिजे. नजर रस्त्यावर, स्टिअरिंगवर हात स्थिर, एसटीला मागे टाकण्याची घाई नाही की ट्रॅक्टरमागे चिडचिड नाही. दादाला काय सांगायचं ते मी मनात जुळवतही होते. मग एका चढावर इंजिनाचा आवाज वाढला आणि वेग मात्र वाढेना. करपल्यासारखा वास आला. मी वाकून पाहिलं. त्यांची डावी चप्पल पेडलवर टेकलेली होती.

"बाबा, पाय काढा."

"काढला ना!"

"नाही काढला. अजून तिथंच हाय."

"अवो, काढला म्हन्तो ना! मी काय खोटं बोलून राह्यलो का?"

पाय हलला नव्हता. मी गाडी थांबवायला लावली आणि नको ते बोलले. म्हटलं, दादाचंच बरोबर आहे, तुम्ही हट्टापायी खोटंही बोलता. बाबा उतरले आणि पलीकडच्या सीटवर येऊन बसले. मालेगाव आलं, गेलं. मेडशीपर्यंत मीच गाडी चालवली.

रामदासकाकांच्या वावरात वांगी, मेथी आणि कोथिंबिरीचे वाफे होते. विहिरीजवळ काकूंनी रोडगे (गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे जाड गोळे) लावले होते. आम्ही जैन, म्हणून आमच्यासाठी कांदा-लसूण न घालता वरणाचं पातेलं वेगळं ठेवलेलं. काका-बाबा शाळेतल्या मास्तरांच्या नकला करत होते, आणि माझा राग हळूहळू उतरत होता.

काकांनी काठीने रोडगे बाहेर ओढले. काही निखारेही घरंगळून बाजूला आले. बाबा चपला काढून हात धुवायला गेले होते. ते परत आले, काकांशी बोलता बोलता विस्तवाजवळ उभे राहिले आणि त्यांचा डावा पाय सरळ एका निखाऱ्यावर पडला.

ते बोलतच राहिले.

"सुभाष!" काका ओरडले. "अरे, पाय पाह्य! पाय!"

बाबांनी आधी काकांकडे पाहिलं, मग खाली. काकांनी त्यांना मागे ओढलं, काकूंनी घागरच पायावर ओतली. तळव्याला मोठा चट्टा पडला होता. बाबांच्या चेहऱ्यावर वेदना नव्हती. भीती होती. त्यांनी त्या जागी बोट दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं.

"मले काहीच समजून नाई राह्यलं," ते म्हणाले.

रस्त्यावर ते खोटं बोलले नव्हते. पाय पेडलवर आहे की खाली, हे त्यांना कळतच नव्हतं.

मालेगावच्या डॉक्टरांनी पट्टी बांधली. बऱ्याच वर्षांच्या शुगरमुळे पायाच्या नसा बधिर झाल्या आहेत, म्हणाले. आज भाजलं म्हणून समजलं, नाहीतर जखम चिघळेपर्यंत कळलं नसतं. गाडी चालवायची नाही, हेही त्यांनीच सांगितलं. त्यामुळे ते मला सांगावं लागलं नाही. परतीच्या वाटेवर मी बाबांची माफी मागितली. ते म्हणाले, "तुले तरी कसं समजन? मलेच नाई समजलं."

घरी दादा दारातच होता. पट्टी पाहून त्याने पुढे होऊन बाबांना हाताला धरून आत आणलं. बाबांनी माझ्याकडून किल्ली मागून घेतली. मला वाटलं, ती आता ते त्याच्या हातात देतील. पण त्यांनी स्वयंपाकघरातल्या वहिनीला हाक मारून बाहेर बोलावलं आणि किल्ली तिच्यासमोर धरली.

"गाडी विकायची नाई. तू शिक."

"बाबा, मी?" वहिनी पदराला हात पुसत म्हणाली. "मले तं सायकलबी येत नाई."

दादा म्हणाला, "अहो, नवा क्लच हाय! शिकणाऱ्याच्या हाती दिला तं महिन्यात जळन."

"जळू दे," बाबा म्हणाले. "आपण दुसरा टाकू."

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर वहिनी स्टिअरिंगमागे बसली. बाबा पट्टी बांधलेला पाय सांभाळत तिच्या शेजारी, मी मागे. तिने क्लच एकदम सोडला. गाडीने जोरात झटका खाल्ला आणि बंद पडली. वहिनीने घाबरून बाबांकडे पाहिलं. मेस्त्रींनी सगळ्यात आधी नको म्हणून सांगितलेलं तेच तिने पहिल्याच दमात करून टाकलं होतं.

"पाय तुले समजून राह्यला ना?" बाबांनी विचारलं.

"हो बाबा."

"मंग झालं. कर चालू."