ओझोन गेला, ब्रोमीन राहिलं

काळजी करण्यात आमच्या काकांचा हात धरणारं कुणी नव्हतं. घराला कुलूप लावलं की ते ओढून बघायचे, आणि कोपऱ्यावरून परत येऊन पुन्हा ओढायचे. काकू म्हणायची, आता कुलूपच तुम्हाला घाबरतं. त्यांची सगळी नोकरी शहराच्या पाणीपुरवठ्यात गेली. निवृत्त झाल्यावर ते काकूच्या केंद्रात पाण्याचं बघू लागले. समुद्रकाठी काकू अंड्यांतून माशांची पिल्लं वाढवायची.

त्या वर्षी एका हट्टी जातीची अंडी पहिल्यांदाच फुटली. दोन टाक्या भरून पिल्लं. अंग पाण्यासारखं, दिसायचे फक्त डोळे. काकूचं जेवणसुद्धा टाक्यांपाशीच व्हायचं.

त्याच सुमारास पाण्यातले जंतू मारायला ओझोनचं यंत्र आलं. काकांनी तसलं यंत्र वर्षानुवर्षं चालवलं होतं, पण गोड्या पाण्यावर. ओझोन आपलं काम करतो आणि थोड्या वेळात आपोआप नाहीसा होतो; जास्त वेळ न रेंगाळणारा पाहुणा. आयुष्यात एकदाच काका निर्धास्त राहिले, आणि नेमकी तिथेच माशी शिंकली. सकाळी त्यांनी साठवणीच्या हौदात ओझोन सोडला, पाणी तासभर तसंच ठेवलं, नाकाशी धरलं, वास आला नाही म्हणून पहिल्या टाकीत सोडलं.

दुपारपर्यंत पहिल्या टाकीतली पिल्लं तळाशी गेली होती. काकूची खात्रीच झाली की आपलंच खाणं नासलेलं असणार. ती खाण्याचं भांडं घासत बसली. घासून झालं की पुन्हा घासायला घ्यायची. काही सुचेना म्हणून काकांनी हौदातलं पाणी ग्लासात घेतलं आणि तपासणीचे थेंब टाकले. पाणी गुलाबी झालं. ग्लास धुऊन पुन्हा टाकले, पुन्हा गुलाबी. म्हणजे पाण्यात अजून काहीतरी जहाल होतं, आणि ओझोन तर इतका वेळ टिकत नाही.

त्यांनी यंत्र बसवणाऱ्याला फोन लावला. त्याने निवांतपणे समजावून सांगितलं. समुद्राच्या मिठात क्लोराइड पुष्कळ, त्याला ओझोन फारसा हात लावत नाही. पण जोडीला थोडं ब्रोमाइडही असतं. ते एरवी निरुपद्रवी, पण ओझोन भेटला की त्याचं ब्रोमीन होतं. ओझोन निघून जातो, ब्रोमीन मागे राहतं, आणि थोडं असलं तर वासही येत नाही. जंतू मारतं तसंच ते पिल्लांचे कल्लेही जाळतं. गोड्या पाण्यात ब्रोमाइड जवळपास नसतंच, त्यामुळे काकांवर ही वेळ कधी आलीच नव्हती.

फोन ठेवून ते धावतच आत आले. दुसऱ्या टाकीला तरी ताजं पाणी द्यावं म्हणून काकूने वॉल्व्हवर हात ठेवला होता. तोही त्याच हौदाचा. पंप बिघडलाय, थांब, असं म्हणून भागलं असतं. मी असतो तर तेच म्हटलं असतं, खोटं कशाला बोलू.

"हात काढ तिथून," काका म्हणाले. "पाण्यात विष आहे. पहिल्या टाकीतली पिल्लं माझ्या पाण्याने मेली. तुझ्या खाण्याने नाही."

"नक्की?"

"दोनदा तपासलं."

काकूने वॉल्व्ह सोडला. पालथ्या बादलीवर बसून तिने तोंडाला पदर लावला. "मघापासून मी माझ्याच हातांना शिव्या देतेय," ती म्हणाली, "आणि तुम्ही आत्ता सांगताय."

मग दोघांनी हौदात हायपोचे खडे विरघळवले. त्याने ब्रोमीन मरतं. थेंब टाकून पाहायचे, खडे टाकायचे, पुन्हा पाहायचे. शेवटी पाणी थेंबांना दाद देईना, बिनरंगीच राहिलं. तरी काका म्हणाले, अजून एकदा बघू.

ते पाणी दुसऱ्या टाकीत काकूनेच सोडलं. संध्याकाळी तिथल्या पिल्लांनी खाणं उचललं. टाकीवर वाकून तिने ते नीट पाहून घेतलं, आणि मग काकांवर अशी रागावली की आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.