तात्यांची डायल

घरी आता बटणांचा फोन आहे. तरी आमचे हे बटणं दाबता दाबता म्हणतात, "थांब, डायल करतोय." तो शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांपुढे कर्जतचं एक्स्चेंज उभं राहतं. आम्ही चौघी ऑपरेटर कानाला हेडफोन लावून दिवसभर लोकांची बोलणी जोडायचो. किस्से जमवावे लागलेच नाहीत, ते आपले साठत गेले.

*

तेव्हा नंबर कोणी सांगत नसे. कडावचे भातगिरणीवाले तात्या रिसीव्हर उचलून म्हणायचे, "ताई, डॉक्टर दे गं."

"डॉक्टर माथेरानला गेलेत. संध्याकाळी लावून देते."

"आनि त्यांच्या भाचीचं जमलं का?"

तेही मला ठाऊक असायचं. गुप्तता पाळण्याच्या कागदावर मात्र आम्ही चौघींनी नोकरीला लागतानाच सही केली होती.

*

मग ऑटोमॅटिक एक्स्चेंज आलं आणि घरोघर डायलचे फोन बसले. आमचे साहेब म्हणाले, "लोक आपापले नंबर फिरवायला लागले की परगावच्या ट्रंक कॉलला दोघी पुरेत. उरलेल्या दोघींची बदली."

चौघींत मीच नवी. मुलगी पहिलीत, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. बदली आली तर पहिली माझीच. आणि लोकांना डायल शिकवायचं काम साहेबांनी दिलं कोणाला? मलाच!

*

ऑफिसने एक पत्रक काढलं होतं. 'ग्राहकाने तबकडीच्या योग्य छिद्रात तर्जनी घालून ती उजवीकडे फिरवावी.' मी ते तात्यांना सगळं वाचून दाखवलं.

तात्या म्हणाले, "ते झालं. आता डायल कशी फिरवायची ते सांग."

मी फिरवून दाखवली. तात्यांनी आकडा फिरवला, पण बोट काही काढलं नाही. डायल हाताला धरून आणल्यासारखी हळूहळू माघारी आणली. त्यात आकडे चुकले आणि फोन डॉक्टरांऐवजी पोलीस चौकीत लागला.

"तात्या, बोट काढा. ती आपली आपण मागे येते."

"अशी कशी सोडायची? खटकन आपटंल की. नवी वस्तू हाय."

महिनाभरात चौकीतल्या हवालदाराला तात्यांच्या गुडघ्याचं दुखणं पाठ झालं.

*

शेजारी येऊन फोन करतात म्हणून तात्यांनी डायलला छोटं कुलूप घातलं. किल्ली करदोट्याला. तात्या गिरणीत गेले की काकू रिसीव्हर ठेवायच्या खुंटीवर आकड्याइतकी टकटक करून आमचे ट्रंकचे दोन आकडे लावत आणि खोपोलीच्या बहिणीशी जोडून घेऊन तासभर बोलत.

मी म्हटलं, "काकू, तात्यांना कळलं तर?"

"कुलूप डायलला हाय. बाकी फोनला नाय."

*

वर्ष सरत आलं आणि वरचे मोठे साहेब तपासणीला आले. लोकांना डायल जमते का ते पाहून बदल्यांवर सही करायची होती. त्यांनी नेमकं तात्यांचं घर निवडलं. मी एक्स्चेंजात ट्रंकच्या बोर्डवर बसून होते. तात्यांना जमावं म्हणून देवाला हात जोडावेत की जमू नये म्हणून, तेच मला कळेना.

तिकडे काय झालं ते काकूंनी नंतर सांगितलं. तात्यांनी करदोट्याची किल्ली काढली, कुलूप उघडलं, ताठ बसले आणि मोजून दोन आकडे फिरवले. साहेबांनी समाधानाने मान डोलावली.

इकडे माझ्या बोर्डवर दिवा लागला.

"ताई, तात्या बोलतोय. डॉक्टरला डायल कर गं लवकर. सायेब समोर बसलेत, आमचं आमाला जमतं का ते बघाया."