गुंडप्पा आप्पांची बर्फावरची होडी

बीडच्या ज्या गल्लीत गुंडप्पा आप्पांचं किराणा दुकान होतं, तिथं उंच माणसानं वाकूनच गूळ मागायचा असा रिवाज पडला होता. त्यात विनयाचा काही भाग नव्हता. आढ्याला दोऱ्यांनी होड्या टांगलेल्या होत्या आणि त्यांची शिडं नेमकी गिऱ्हाइकाच्या पागोट्यात अडकत.

आप्पांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. त्यांचा सगळा दर्यावर्दीपणा रद्दीतून आलेला. पुड्या बांधायला नगरच्या छावणीतून गोऱ्यांच्या चित्रांचे कागद यायचे, त्यात मधूनच एखादं जहाज निघे. मग त्या पानात हळद बांधली जात नसे. चित्रात माणूस उभा असला की आप्पांचं काम सोपं. माणूस साडेतीन हात धरायचा आणि त्याच्यावरून डोलकाठी, शीड, सुकाणू मोजून सगळं त्याच प्रमाणात पांगाऱ्याच्या लाकडात कोरायचं. माणूस नसलेल्या जहाजाला ते हातच लावत नसत. "मापाला मानूस पायजे," म्हणायचे, "नुसत्या लाकडाला काय कळतंय!"

कार्तिकीला कपिलधारच्या जत्रेत ते या होड्या दिवा ठेवून कुंडात सोडत. काही आपसूक बुडत. उरलेल्या बुडाव्यात म्हणून पोरं दगड मारत.

"अवो, या पेठेत बुडून मरायला पानी न्हाई," उमाबाई, म्हणजे आप्पांची बायको, चुलीपुढून विचारायची, "आन तुमी या होड्या कुनासाठी करून ठेवता?"

"पूर आला तर?"

"आला तर आदी दुकान न्यावं त्यानं. माझी सुटका तरी हुईल."

पोरबाळ नव्हतं. घरात भांडायला दोघंच, त्यामुळे दोघांनाही ते काम मन लावून करावं लागे.

एकदा रद्दीत भलतंच चित्र निघालं. होडी होती, शीड होतं, पण खाली पाणी नव्हतं. लांब कणा, त्याच्या पुढच्या बाजूला आडवी फळी, फळीच्या दोन टोकांना एकेक पातं आणि तिसरं पातं कण्याच्या शेपटाला, सुकाणूच्या जागी. सुऱ्यांवर उभी असलेली होडी! आप्पा दोन दिवस जेवणात मीठ आहे की नाही ते सांगू शकले नाहीत.

उलगडा केला दुकानच्या हमालानं, म्हाळूनं. हा आष्टीकडचा गडी मोगलाईतून इंग्रजी हद्दीत गेला आणि तिथून ओझी वाहायला थेट फ्रान्सच्या लढाईवर जाऊन आला होता.

"बर्फावरची हाय ही," तो म्हणाला. "पानीच असतंय, पर दगड झाल्यालं. तिकडं तळ्यावर गोरी पोरं पळवायची. आप्पा, घोड्याच्या वर पळती, आन आवाज म्हनून न्हाई. वळून बगावं तवर गेली बी."

"आवाज न्हाई?" उमाबाई आतून म्हणाली. "मंग ती यांच्या हातून हुयाची न्हाई. हे लाकडाला हात लावत्यात तवा मुडदा उठून बसंल!"

आप्पांनी ती केलीच. हातभर लांब, शीड उपरण्याचं. उमाबाई विळी शोधू लागली तेव्हा आप्पांनी होडीकडे बोट दाखवलं. होडी विळीवरच उभी होती, विळीचे तीन तुकडे होऊन. त्यानंतर आठवडाभर त्या घरात भेंडी अडकित्त्यानं कातरली गेली आणि उमाबाईनं ती आप्पांच्या ताटात पहिल्यांदा वाढली. बर्फ नव्हता म्हणून आप्पांनी ओट्याच्या शहाबादी फरशीवर गोडेतेल ओतून चाचणी घेतली. होडी सुटली, मिठाच्या पोत्यात घुसली. तेलाचं पुढं काय झालं आणि उमाबाई माहेरून परतल्यावर आप्पांचं काय झालं, ते सगळ्या गल्लीनं ऐकलं.

त्याच वर्षी पावसानं दगा दिला आणि आश्विनात मानमोडी आली. अंग तापायचं, मान न् पाठ मोडल्यासारखी व्हायची, छाती भरायची. धडधाकट माणूस तीन-चार दिवसांत आटपायचा. सरकारी हकीम काढा देत होता, मग तोही पडला.

आप्पांच्या लिंगायत समाजात गेलेल्या माणसाला झोपवून नेत नाहीत. हातात लिंग देऊन बसता करतात, फुलांनी सजवलेल्या, पालखीसारख्या विमानात ठेवतात, चौघं विमान खांद्यावर घेतात आणि बसत्यालाच समाधी देतात. पहिल्या आठवड्यात खांदे मिळाले. मग खांदे देणारेच विमानात बसू लागले. बैलगाडी म्हणावी तर बैल चाऱ्यासाठी गोदाकाठी नेलेले, आणि गल्लीत गाडी शिरतही नव्हती.

शेजारची भिवराबाई गेली तेव्हा तिचा लेक तापानं फणफणलेला, दाराची चौकट धरून उभा होता. म्हातारी सकाळपासून भिंतीला टेकून बसवलेली. विमान न्यायला कुणी नव्हतं.

आप्पा दुकानात आले. वर बघितलं. मग गल्ल्याच्या फळ्या उखडल्या, मोडक्या हातगाडीची तीन चाकं काढली आणि लांब कणा, आडवी फळी, दोन चाकं पुढं, एक शेपटाला, अशी ती बर्फावरची होडी माणसाएवढी करायला घेतली. या खेपेला माप चित्रातून काढायचं नव्हतं. भिवराबाईच्या समोर बसून त्यांनी दोरीनं घेतलं.

दुपारी भिवराबाई होडीत बसून गेली. म्हाळू पुढून ओढत होता, आप्पा मागून वळवत होते. कुणी हसलं नाही. हसायला दारात कुणी नव्हतंच.

चाकं मात्र किरकिरत. कितीही वंगण घाला, होडी निघाली की किर्र किर्र. गल्लीतली माणसं अंथरुणातून ऐकत आणि किरकिर कुठल्या दारी सुरू झाली यावरून कोण गेलं ते ओळखत.

मग उमाबाई पडली. दोन दिवस ती तापात आप्पांच्या सगळ्या होड्यांना शिव्या देत राहिली. तिसऱ्या दिवशी आवाज खाली आला, तेव्हा आप्पा घाबरले.

"ऐका," ती म्हणाली. "मला त्या किरकिऱ्यावर नेऊ नगा."

"काय बोलती उगंच!"

"लगीन करून आले ती बैलगाडीत. हाडं खिळखिळी झालती. जाताना तरी खांद्यावर न्या. शबूद द्या."

"दिला," आप्पा म्हणाले. "पर तू कुटं निगालीस? भेंडी कोन कातरंल?"

ती हसली असावी. दुसऱ्या दिवशी उजाडताना ती गेली.

तिचा धाकटा भाऊ महारुद्र पोटापाण्यासाठी पलीकडच्या गल्लीत येऊन राहिलेला; तो आला, स्वतः नुकताच तापातून उठलेला. म्हाळू होता. आप्पा चौथा खांदा शोधायला निघाले. एका घरी दार उघडलं गेलं नाही. एका घरी उघडणाऱ्यालाच धरून परत निजवावं लागलं. मठात स्वामी घोंगडी घेऊन कण्हत होते. आप्पा मोकळेच परत आले तेव्हा ऊन अंगणात उतरलं होतं.

"दाजी," महारुद्र खाली बघत म्हणाला, "होडीवरच न्यावं लागंल. आक्काला आता काय कळनार हाय?"

"तिला सगळं कळतंय," आप्पा म्हणाले. "मी गोडेतेल ओतलं तवा ती माहेरी होती. तरी तिथून कळलं."

ते ओसरीवर बसून होडीकडं बघत राहिले. मग उठले, पकड आणली आणि एकेक चाक काढून अंगणात टाकलं.

"काय करता, आप्पा?" म्हाळूनं विचारलं.

"विमानाला चौघं लागत्यात. हिला तीनच पाय हायेत." त्यांनी आडव्या फळीची दोन टोकं दाखवली. "तू हितं. महारुद्रा, तू तितं. सुकानूला मी."

उमाबाईला न्हाऊ घातलं, विभूती लावली, हातात लिंग दिलं आणि होडीत बसवलं. झेंडू नव्हता. आप्पांनी आढ्यावरच्या सगळ्या होड्यांची शिडं उतरवून तिच्या मागं बांधली. तिघांनी खांदे लावले. महारुद्र अशक्त, म्हणून त्याच्या बाजूला होडी थोडी कलली. आप्पांनी मागून सावरली.

गल्लीतून जाताना चाकांचा आवाज नव्हता. फक्त अनवाणी पावलं. म्हाळूनं एकदा मान वळवून होडीकडं बघितलं आणि पुढं चालू लागला.

दिवाळीनंतर साथ ओसरली. वाचलेली माणसं भिंती धरून बाहेर आली आणि हळूहळू दुकानापर्यंत पोचली. आता वाकायला लागत नव्हतं.

"उमाबाई कशी हाय?" जो तो विचारी. "तुमच्या दारी होडी किरकिरली न्हाई, तवाच म्हनलं, बरी असंल."

"खांद्यावर गेली," आप्पा म्हणत, आणि गूळ जोखायला वळत.